बाबांची जपानी कोडी आणि मी लावलेलं घड्याळ

माझ्या बाबांचं शेवटचं चांगलं वर्ष मी वाया घालवलं.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं. एवढं एक वाक्य लिहायला मला तेवढाच वेळ लागला.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा पुण्यात एका कारखान्यात जपानी भाषांतरकार होते. मशीनबरोबर जाडजूड मॅन्युअल्स यायची, ती इंग्रजीत आणायची. तीस वर्षं हेच काम. एका शब्दासाठी दोन दिवस अडून बसायचे.

आई गेली आणि २००६ मध्ये मी त्यांना इथे अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला आणलं.

सकाळी फिरायला गेले की त्यांना आमचं घर सापडायचं नाही. इथली घरं सगळी एका रंगाची, पुढे खडी आणि एखादा कॅक्टस. मीसुद्धा सुरुवातीला चुकले होते, म्हणून आम्ही हसलो.

मग ते घरातल्या घरात बाथरूम शोधायला लागले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. म्हणाले, आवडीचं काहीतरी करत राहू द्या.

त्यातला ‘आवडीचं’ हा शब्द मी तिथल्या तिथे गाळला. बारा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली आहेत. मजकूर कापायची सवय आहे.

तेव्हा जिकडेतिकडे ब्रेन ट्रेनिंग चाललं होतं. ऑफिसमधली माणसं लंचमध्ये छोट्या गेमवर आपल्या मेंदूचं वय मोजायची. मला वाटलं, बाबांकडे तर अख्खी जपानी भाषा आहे.

मी अक्षरकोड्यांची पुस्तकं मागवली. जपानमध्ये म्हातारी माणसं सोडवतात तशी. चार बाजूंना चार जपानी चित्राक्षरं, प्रत्येकाला स्वतःचा अर्थ, आणि मधला चौकोन रिकामा. त्यात एकच अक्षर असं भरायचं की चारही बाजूंना नीट शब्द तयार व्हावेत.

पहिलं पान बघून बाबा खुलले. “अगं, हे तर कॉलेजातल्यासारखं झालं. आता नापास केलंस तर जाऊ कुठे?”

रोज चार कोडी. ऑफिसला निघायच्या आधी, साडेआठच्या आत. मी स्टॉपवॉच लावायची आणि वेळ एक्सेलमध्ये भरायची.

माझी मुलगी ईशा म्हणाली, “आई, यू आर टायमिंग आजोबा? दॅट्स सो मीन.”

बाबा म्हणाले, “असू दे गं. तुझ्या आईला डेडलाइन नसली की अन्न पचत नाही.”

एका सकाळी त्यांनी मधल्या चौकोनात ‘पूल’ या अर्थाचं अक्षर भरलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

“या अक्षरावरून तुझं लग्न मोडता मोडता राहिलं.”

“माझं?”

“म्हणजे माझं. तुझ्या आईशी. मी तेव्हा नागोयाला ट्रेनिंगला होतो. तिचं पत्र आलं, आणि त्यात तिने...”

“बाबा, गोष्ट नंतर. सहा मिनिटं झाली. अजून दोन कोडी राहिलीत.”

“बरं,” म्हणाले. पेन्सिल उचलली.

असं एकदाच झालं असतं तर आज हे लिहिलं नसतं. प्रत्येक अक्षराला काहीतरी चिकटलेलं असायचं. कुणीतरी माणूस, कुठलंतरी स्टेशन, हॉस्टेलची खोली, आईचा राग. ते सुरू करायचे आणि मी घड्याळाकडे बघायची.

महिन्याभराने त्यांनी सुरू करणं सोडलं. मान खाली घालून चार कोडी सोडवायचे आणि पुस्तक माझ्याकडे सरकवायचे.

वेळ सुधारत गेला. नऊ मिनिटांवरून चारवर आला. मी नागपूरला मावशीला फोन करून सांगितलं, इम्प्रूव्हमेंट आहे.

२००७ च्या उन्हाळ्यात तो तक्ता प्रिंट करून मी डॉक्टरांकडे नेला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग सावकाश म्हणाले, “ही हॅज गॉटन व्हेरी गुड अ‍ॅट दीज पझल्स.”

 बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, आज तुमच्याबरोबर कोण आलंय?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडे आपण पाहतो तसं, अदबीने. आणि मराठीत म्हणाले,

“या बाई माझी परीक्षा घेतात. कडक आहेत, पण वेळेवर सोडतात.”

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणाले?

मी सांगितलं, “ही सेज आय अ‍ॅम हिज डॉटर.”

बाबा खुर्चीत ताठ झाले.

“नो, डॉक्टर. आय डिड नॉट से दॅट. आय सेड, धिस लेडी कंडक्ट्स माय एक्झाम. शी इज स्ट्रिक्ट, बट शी लेट्स मी गो ऑन टाइम.”

भाषांतर अचूक होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

घरी येऊन मी तक्ता फाडला. घड्याळ आवरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“बाबा, तुम्ही नागोयाला होतात. आईचं पत्र आलं होतं. पुढे काय झालं?”

त्यांनी पेन्सिल घेतली. “पान कुठलं?”

“पान नाही बाबा. नुसतं सांगा. आज मला काही घाई नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपलं काही चुकत तर नाही ना अशा नजरेने. मग पुन्हा विचारलं, “कुठलं पान करायचं?”

पुढचे चार महिने मी रोज विचारलं. ते रोज पान मागायचे. शेवटी शेवटी मी पुस्तक उघडून द्यायची, कारण त्याशिवाय ते बेचैन व्हायचे. भरलेली अक्षरं तेव्हाही बरोबर यायची. नंतर न्यूमोनिया झाला, आणि आठ दिवसांत संपलं.

आईच्या पत्रात काय होतं, ते आता जगात कुणालाच माहीत नाही. मावशीला विचारलं. तिलाही माहीत नाही. ती म्हणते, मनाला लावून घेऊ नकोस, तू चांगल्यासाठीच केलंस. चांगल्यासाठीच केलं. त्याने काहीही बदलत नाही.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस मधेच काही सांगायला लागलं, तर हातातलं काम राहू द्या. एवढंच सांगायचं होतं.

बाबा, तुमची मुलगी तुम्हाला नमस्कार करते आहे.