अर्ध्या मिशीचा दहावा

तिसगावात सलून चालवणाऱ्या सोपानला एक वाईट खोड होती. अर्धी दाढी झाली की तो वस्तरा खाली ठेवायचा, चहा मागवायचा आणि गोष्ट सुरू करायचा. एका गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक पळून जाणार कुठं? ते शिव्या घालत गोष्ट ऐकायचं, आणि पुढच्या बाजारी पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायचं. म्हातारपणी सोपानचे हात थरथरायला लागले, तेव्हा वस्तरा बायकोनं, भागूबाईनं हातात घेतला. तोंडाचा पट्टा मात्र शेवटपर्यंत सोपानचाच चालू राहिला.

त्याच्या दहाव्याला भाऊकी नदीवर जमली, ती घड्याळ बघतच. सगळ्यात घाई धाकट्या भावाला, रंगनाथला. भादरून घ्यायला तो पहिलाच भागूबाईपुढं बसला.

"वैनी, उरका लवकर. पुण्याची गाडी चुकंल."

भागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून जो तो गाडीचंच बोलतोय, गेलेल्या माणसाचं नाव एकाच्याही तोंडी नाही!

तिनं रंगनाथची झुपकेदार मिशी बरोब्बर अर्धी उडवली, वस्तरा पुसला आणि पिशवीत टाकला. रंगनाथनं ओठ चाचपला आणि तो किंचाळला, "अवो, दुसऱ्या बाजूचं काय?"

भागूबाईनं शांतपणे थर्मास उघडून त्याच्या हातात चहा दिला.

"बसा भावजी. तुमच्या भावाची एक गोष्ट सांगते. लई लांब हाय."