इवायाच्या गाडीची फाईल

आमची जुनी गाडी पंधरा वर्षांची होऊन भंगारात गेली आणि बायकोच्या गुडघ्यांनी स्कूटरवर चढायला साफ नकार दिला, तेव्हा दुसरी गाडी घेणं भाग पडलं. नवी घ्यायची माझी तयारी नव्हती. निवृत्त माणसाने नवी गाडी घ्यायची आणि ओरखडा पडू नये म्हणून ती दारात झाकून ठेवायची, हा प्रकार मी प्रताप नगरात आमच्याच गल्लीत दोन घरी पाहिला आहे. म्हणून वापरलेली पण धड गाडी घ्यायची असं ठरलं. ही बातमी मुलीमार्फत तिच्या सासरी कन्हानला पोचली आणि चौथ्या दिवशी इवायांचा फोन आला.

इवाई म्हणजे व्याही, आमच्या भागात तसंच म्हणतात. माझे इवाई कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. बोलणं कमी, आवाज मोठा. म्हणाले, "भाऊ, बाहेर काहून शोधून राहिले? मी मोठी गाडी बुक केली. ही जुनी पहिल्यापासून आपल्याच घरी आहे. घेऊन जा, दोन-चार दिवस चालवून पाहा. पटली तर ठेवा."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवताच पस्तावलो. त्याचं कारण माझा स्वभाव. एका सरकारी खात्यात माझी सगळी नोकरी भांडारातला साठा तपासण्यात गेली. रजिस्टरात जेवढी फावडी लिहिली असतील तेवढी खरोखर आहेत का, हे मी स्वतः हात लावून मोजायचो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी पोळलं नाही, कारण मी दूधही फुंकूनच प्यायलो. असल्या माणसाने गाडी घ्यायची म्हणजे तिचा जन्मापासूनचा हिशेब पाहिल्याशिवाय घेणार नाही. आणि मुलीच्या सासरची वस्तू तर तपासायची नसते. लग्नात तिकडून आलेली साडी विरलेली निघाली तरी ‘काय सुरेख पोत आहे’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात खोट काढली की ती साडीत काढल्यासारखी राहत नाही.

बायकोने त्याच संध्याकाळी मला समोर बसवून सांगितलं, "गाडी घ्या नाहीतर नका घेऊ. पण तिथं आपली पोरगी राहते. तुमच्या चौकशीपायी तिले एक शब्द ऐकावा लागला, तर मी तुमच्याशी बोलणार नाही." एकुलती एक मुलगी. पाच वर्षं झाली लग्नाला, कामठीच्या एका शाळेत शिकवते, महिन्यातून एकदा हसत येते आणि हसत जाते. आम्हाला दुसरं काही नको होतं. बायकोचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं.

गाडी आणली. फिकट करड्या रंगाची, आतून इतकी स्वच्छ की बूट काढून बसावंसं वाटलं. इवायांनी सोबत एक निळी फाईल दिली होती, तिच्यात सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं ओळीने लावलेली. "पाहून घ्या," म्हणाले. मी तिथे वरवर चाळली आणि ‘याची काय गरज’ असं तोंडाने म्हणालो.

घरी आल्यावर मात्र चष्मा लावून बसलो. बिलं छान होती. प्रत्येकावर गाडी किती किलोमीटर चालली ते, ऑइल कधी बदललं ते, ब्रेक कधी पाहिले ते. एका पानानंतर मात्र फाईलच्या पट्टीत कागदाचा एक तुकडा अडकून राहिला होता, दोन भोकांमधला. कोणीतरी घाईत ओढून काढलेल्या कागदाचा तो कोपरा होता. मी तुकडा सोडवून उजेडात धरला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मग गाडीकडे गेलो, बोनेट उघडलं आणि त्याचे नट पाहिले. नटांच्या कडांचा रंग उडाला होता. कंपनीतून आलेल्या नटांचा रंग असा उडत नाही, पाना लागला की उडतो. उजव्या दरवाज्याचा रंगही बाकी गाडीहून किंचित ताजा वाटला. वाटला, असंच म्हणतो. ऊन उतरतीला होतं.

बायको दारात उभी राहून पाहत होती. "निघालं का काही?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." तिचा विश्वास बसला नाही, पण आत गेली.

आता इवायांना विचारायचं कसं? ‘भाऊ, एक बिल फाटलेलं दिसते,’ एवढं वाक्य मी तीन प्रकारे बोलून पाहिलं. तिन्ही प्रकारांत ते आरोपासारखं वाजत होतं. मग मला वाटलं की आपण फार हुशार आहोत. गाडी आपल्याच ताब्यात आहे. बिलांवर नाव होतं त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची, किरकोळ तपासणी सांगायची, आणि जुनी नोंद पडद्यावर आली की बघून घ्यायची. इवायांना कळायचं कारण नाही, मुलीला कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं आणि वर्कशॉप गाठलं. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई होत्या. त्यांनी गाडीचा नंबर टाकला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "आज मॅडम नाही आल्या?"

"कोण मॅडम?"

"गाडी नेहमी त्याच आणतात ना. बोनेट उघडून स्वतः पाहतात, मग सही करतात. तुमच्या सूनबाई का?"

मी म्हणालो, "मुलगी." आमच्या मुलीला चारचाकी चालवता येते, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पण तसं त्या बाईंना सांगायची लाज वाटली, म्हणून मी मान हलवली, जणू रोजचंच आहे.

गाडीची मागची नोंद दाखवता का, असं मी विचारल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सगळ्या ओळी फाईलशी जुळत होत्या. जिथे कागद निघाला होता तिथे मात्र पडद्यावर एक लांबलचक नोंद होती. गेल्याच्या गेल्या वर्षीची, सप्टेंबरातली, म्हणजे भाद्रपदातली. उजवा पुढचा दरवाजा नवा, उजवीकडचं फेंडर नवं, बोनेट नवं, समोरची काच नवी. दोन्ही एअरबॅग नव्या. ड्रायव्हरचा सीटबेल्ट नवा. विम्यातून काम, वर्कशॉपमध्ये पस्तीस दिवस.

"बरीच जोरात लागली होती तेव्हा," बाई म्हणाल्या. "पण काका, काम चांगलं झालेलं आहे. चेसिसले धक्का नाही. इंजिन तर एकदम ओके."

मी महिना पुन्हा वाचला. त्या वर्षी महालक्ष्म्यांना मुलगी आली नव्हती. डेंग्यू झालाय म्हणाली होती. आम्ही निघतो म्हटलं तर नको म्हणाली, व्हिडिओवर दिसू दे म्हटलं तर चेहरा उतरलाय म्हणाली. बायकोने दीड महिना रोज फोनवर पपईच्या पानांचा रस सांगितला होता. म्हणजे डेंग्यू नव्हताच. आणि मला जो राग आला तो सगळाच्या सगळा फसवल्याचा होता. मी जन्मभर लोकांची रजिस्टरं पकडली, आणि माझ्याच घरात मला खोटी नोंद दाखवली गेली आणि मी तिच्यावर सही केली, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी.

"बाबा, तुम्ही गाडी वर्कशॉपमध्ये नेली का? मले मेसेज आला."

गाडीची नोंद तिच्या नंबरवर होती. बाईंनी जॉबकार्ड उघडलं तेव्हाच निरोप गेला होता. माझी हुशारी एवढीच टिकली.

मी बाहेर येऊन विचारलं, "ही गाडी ठोकली होती?"

"हो."

"कोणाच्या हातात होती?"

"माझ्या."

"तुले चालवता कधीपासून येते? लायसन होतं का?"

"होतं बाबा."

"चूक कोणाची होती?"

"टिप्पर उलट्या बाजूनं आला. कन्हानच्या पुलाच्या अलीकडे."

"मग त्याच्यावर केस केली की नाही? अन् विमेवाल्यांनी सगळं भरून दिलं?"

"दिलं."

"अन् हे माझ्यापासून काहून लपवून ठेवलं?"

मागे शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. ती म्हणाली, "आज शनिवार आहे, अर्ध्या तासात सुटते मी. तुम्ही गाडी घेऊन घरीच या बाबा. तिथं बोलू."

कामठीवरून कन्हानला जाताना मी इवायांशी काय बोलायचं ते जुळवत होतो. मार्चचं ऊन, एसी लावायचं भान नाही. तुमच्या भरवशावर पोरगी दिली, पोरीचा अपघात झाला आणि बापाला कळवलं नाही, आणि वरून तीच गाडी मला देऊन राहिले? असं सगळं. बायकोची ताकीद मधे मधे आठवत होती, पण ती गाडीबद्दल होती, याबद्दल नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

इवाई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मुलीने त्यांना फोन केला असणार. मी गाडीतून उतरायच्या आत ते उठून उभे राहिले.

"ते बिल मीच काढलं भाऊ," ते म्हणाले.

"काहून?" मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता, मला ऐकू येत होता.

"तिनं शपथ घातली होती. मी तेव्हा म्हटलं, बाप आहे, सांगून टाक. तर रडायले लागली. हाड मोडलं तेव्हा नाही रडली, अन् तुम्हाले सांगायचं म्हटलं तर रडली. मग मी कोणत्या तोंडानं सांगू? चालवायले मीच शिकवलं होतं. तुम्ही मले बोला, तिले नका बोलू."

मी म्हटलं, "हाड?"

इवायांनी माझ्याकडे पाहिलं. "गळ्याजवळचं, उजवं. सव्वा महिना हात झोळीत होता. तिच्या सासूनं वेणी घालून दिली रोज. आता फोनवर बोलले ना तुम्ही तिच्याशी? तिनं नाही सांगितलं?"

 जुळवून आणलेलं सगळं भाषण होतं तसंच तोंडात राहिलं.  इवायांनी आत जाऊन स्वतः पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला आणि फाटक लावायच्या निमित्ताने दूर गेले. मोठ्या आवाजाचा तो माणूस तिथे फाटकाची कडी उगीच दोनदा लावत होता.

ओळखीचे लोक मला अजून विचारतात, शेवटी गाडी घेतली का. घेतली. गाडी उत्तम आहे, तक्रार नाही. पण त्या दिवशी गाडीचा विषय कोणीच काढला नाही.

मुलगी थोड्या वेळाने आली. खांद्यावर पर्स, हातात तपासायच्या वह्या. मला स्वयंपाकघरात नेलं आणि चहाचं आधण ठेवलं. सासूबाई आम्हाला पाहून मागच्या अंगणात वाळवण बघायला निघून गेल्या. मी टेबलाशी बसलो. माझ्या आवाजातला चढ उतरला होता, पण विचारलं पुन्हा तेच.

"मले सांगितलं काहून नाही बेटा?"

ती साखर घालत होती. रागावली नव्हती. "सांगणार होते," म्हणाली. "दवाखान्यातून फोन हातात घेतला होता. मग वाटलं, बाबा आधी विचारतील, गाडी कोण चालवत होतं. मग विचारतील, चूक कोणाची. अन् तेव्हा माझ्यात उत्तरं द्यायचा जीव नव्हता. म्हणून ठेवून दिला."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने ते साधं सांगितलं, जसं दूध नासलं म्हणून चहा केला नाही असं सांगतात. आणि तासाभरापूर्वी मी तिला अगदी त्याच क्रमाने विचारलं होतं. मला फार लाज वाटली. इवायांच्या घरात मी खोट शोधायला आलो होतो.

"कुठं मोडलं होतं?" मी विचारलं.

तिने गॅस बंद केला, ओढणी जरा बाजूला केली आणि माझं बोट धरून गळ्याच्या उजव्या हाडावर ठेवलं. हाड जिथे जुळलं होतं तिथे बारीकशी गाठ होती, शेंगदाण्याएवढी. बाहेरून दिसत नव्हती, हाताला लागत होती.

"अजून दुखते?"

"उन्हाळ्यात नाही," ती म्हणाली. "थंडीत दुखते."

मधे दोन हिवाळे होऊन गेले होते.