फिरतीच्या बॅगेतलं बारीकसारीक

फिरतीची नोकरी केलेल्या माणसाला "किस्सा सांग" असं म्हणावं लागत नाही, "पुरे आता" म्हणावं लागतं! नव्वदच्या आसपास आम्ही चौघं वेगवेगळ्या औषध कंपन्यांचे एमआर होतो. सकाळी जळगाव स्टँडवर भेटायचं, चहा अर्धा टाकून बस पकडायची, आज पहूर तर उद्या साक्री. एका जागी बूड टेकलं की चुकल्यासारखं वाटायचं.

चौघांत नाना सीनिअर. सोनवणेचा पाय बसल्या जागीही हलत असायचा. इंगळे नवा होता, आणि चौथा मी. नानांचं एकच सांगणं असायचं, "कपडे कमी घ्या, बारीक वस्तू जास्त घ्या!"

*

साक्रीच्या लॉजमध्ये बल्ब असा असायचा, की तो चालू आहे का हे बघायला बॅटरी लागावी. म्हणून नाना स्वतःचा शंभरचा बल्ब बनियनमध्ये गुंडाळून न्यायचे. एकदा सकाळी निघताना ते तो काढत होते, तेवढ्यात मॅनेजर दारात.

"काय नाना, बल्ब चोरता?"

"अरे, तुझ्या लॉजनं शंभरचा बल्ब कधी पाहिलाय का?"

मॅनेजरनं एकदा बल्बकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दर आठवड्याला येत जा नाना. गिऱ्हाइकाला वाटतं, लॉज सुधारलं!"

*

सोनवणेनं हवेची उशी घेतली. जळगाव सुटल्यापासून फुंकतोय, फुंकतोय! एकदाची फुगली, खांद्याशी लावली, तर शेजारच्या आबांनी आधी डोकं टेकवलं आणि घोरायला लागले.

एरंडोल आलं. सोनवणेला उतरायचं होतं. तो जरासा हलला, तर आबा डोळे न उघडता म्हणाले, "भाऊ, हालू नका ना. उशी सरकस!"

सोनवणे पारोळ्यापर्यंत गेला. पायसुद्धा हलवला नाही!

*

धुळ्यात एका मोठ्या डॉक्टरांच्या दारात इंगळेच्या पँटची चेन तुटली. नंबर तर लागलेला. नानांनी सेफ्टी पिन काढली, लावली, आणि बजावलं, "बसू नकोस फक्त!"

डॉक्टर म्हणाले, "बसा."

"नको सर."

"अहो, बसा."

"उभाच बरा आहे सर!"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लाजू नका. मूळव्याध तरुणपणीही होते." आणि इंगळेला चिठ्ठी लिहून दिली. औषध सोनवणेच्या कंपनीचं!

*

आता हा एक. धुळे स्टँडवर आम्ही जळगावच्या बसची वाट बघत उभे होतो. पिंपळनेरकडचे एक म्हातारे आबा इनलँड घेऊन प्रत्येकाकडे जात होते. सकाळी घरून निघतानाच पोस्टमननं हातात दिलेलं पत्र होतं. सोनवणेनं वाचून दाखवलं. मुलगा सुरतेला यंत्रावर कामाला होता. लिहिलं होतं, "मी मजेत आहे. दिवाळीला येणं जमणार नाही. तुम्हीही इकडे येऊ नका."

"परत वाच ना भाऊ."

सोनवणेनं परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. आमची बस लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. सोनवणे वैतागला, "आबा, तेच लिहिलंय!"

"चौथी शिकेल शे मी," आबा म्हणाले, "पन आते डोया साथ देतस नही."

नानांनी बॅग उघडली. जास्तीचा एक जाड भिंगाचा जुना चष्मा ते जवळ ठेवायचे. तो त्यांनी आबांच्या नाकावर बसवला.

आबांनी पत्र जवळ घेतलं, मग लांब धरलं. वाचलं की नाही, देव जाणे. बोटानं एकेक अक्षर चाचपत होते.

"हाई अक्षर मना पोरनं नही शे."

एवढंच म्हणाले आणि निघाले. पिंपळनेरची बस समोर उभी होती, तिच्याकडे बघितलंही नाही. सुरतेची पाटी स्वतः वाचली आणि चढले. बस हलली तेव्हा इंगळे ओरडला, "नाना, तुमचा चष्मा!"

"जाऊ दे," नाना म्हणाले. "त्यांना अजून पुष्कळ पाट्या वाचायच्यात."

आमची बसही गेली होती.

पुढच्या महिन्यात नाना आणि मी पिंपळनेरला गेलो. दवाखान्याच्या ओट्यावर आबा बसलेले. नानांना बघून लगबगीनं उठले, चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसून त्यांच्या हातात दिला. शेजारी विशी-बाविशीचा पोरगा होता. शर्टाची उजवी बाही कोपराखाली रिकामी, दुमडून टाचलेली. तो खाली बघत होता.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अक्षर मना पोरनंच व्हतं, भाऊ," ते म्हणाले. "डावा हातनं."