बिननवरीची वरात

जयवंत तावडे कुणाच्या नजरेत कधी भरलाच नाही. पंगतीत वाढपी अलीकडच्याला जिलबी वाढी, पलीकडच्याला वाढी, आणि याचं पान तसंच राही. गिरणीतल्या ग्रुप फोटोत त्याचा फक्त एक कान आला होता. तोही, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, चांगला नव्हता आला. एकदा मुलगी पाहायला गेला तर चहा संपल्यावर तिच्या आत्याने विचारलं, "मग, मुलगा कधी येतोय?" हा किस्सा जयवंत स्वतःच रंगवून सांगे. लोक हसले की त्याला बरं वाटे, कारण तेवढ्यापुरतं तरी ते त्याच्याकडे बघत.

संपात गिरणी सुटली आणि जयवंत घाटकोपरच्या भटवाडीतून भांडुपच्या एका कारखान्यात सायकलने जाऊ लागला. बरोबर सहदेव राणे, गिरणीपासूनचा जोडीदार. सहदेव पुढे, जयवंत मागे, हा क्रम ठरलेला. त्यात जयवंताला काही वावगं वाटत नसे. जन्मभर तो कुणाच्या ना कुणाच्या मागेच होता.

मग एका सकाळी कांजूरच्या वळणावर टेंपोने सहदेवला उडवलं. ड्रायव्हर आईची शपथ घेऊन म्हणाला, "दिखाइच नहीं, साब!" सहदेव म्हणजे कपाटाएवढा माणूस. जयवंताच्या मनात आलं: हा दिसत नाही, तर आपली काय कथा?

सहदेवच्या पायाला प्लास्टर बसलं. हाड जुळेल असं डॉक्टर म्हणाले, पण सहदेवने धसकाच घेतला. "विकून टाक रे माझी सायकल. त्या रस्त्यावर मी परत यायचा नाही." पहिल्या पाळीला वेळेवर पोचवणारी बस नव्हती; सायकल सुटली की नोकरी सुटलीच, हे दोघांनाही ठाऊक होतं. "थांब जरा," जयवंत म्हणाला. "आधी आपण गाडीवाल्यांना दिसू तर दे." बोलून गेला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. सांगणारा तरी कोण!

तरी त्याने कारखान्यातले सायकलवाले जमवले आणि दर रविवारी आग्रा रोडने फेरी निघू लागली. पाठीवर पाट्या: 'सायकलवाल्याला जपा', 'रस्ता आमचाही आहे'. त्या रंगखात्यातल्या धाकू परबने रंगवल्या होत्या, पण अक्षर इतकं नाजूक की वाचायला गाडी अगदी अंगावर यावी लागे. एका स्कूटरवाल्याने "कुठला पक्ष?" विचारलं, दुसऱ्याने "सर्कस कुठे लागलीय?" तिसऱ्या रविवारी एका बसने असं काही दाबलं की सगळं मंडळ, म्होरक्या जयवंतासकट, गटारात उभं राहिलं.

तेवढ्यात समोरून वरात आली. चार टाळकी, बेसूर बँड, घोड्यावर घामाघूम नवरदेव. अख्खा आग्रा रोड थांबला. यांना गटारात घालणारा बसवाला आता स्टिअरिंगवर हनुवटी टेकून कौतुकाने बघत होता.

"च्यायला, आपणपण वरातच काढू ना!" धाकू ओरडला.

"प्रेतयात्रेलापण थांबतात," कुणीतरी म्हणालं.

"तिला मेलेला माणूस लागतो. वरातीला नुसता नवरा लागतो," धाकू म्हणाला.

मग सगळे एकदम जयवंताकडे वळले. मंडळात बिनलग्नाचा तोच एकटा होता.

जयवंत अडखळला, कारण चाळिशीत प्रथमच त्याचं जमत आलं होतं. चेंबूरच्या नलिनीने त्याला पसंत केलं होतं, म्हणजे मुळात पाहिलं होतं. दिवाळीनंतर साखरपुडा. पण सहदेवचं प्लास्टर आता निघणार होतं आणि सायकलीला गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. "बांधा मुंडावळ्या," जयवंत म्हणाला.

बँडवाल्यांना सायकल येत नव्हती, म्हणून त्यांना कॅरिअरवर उलटं बसवलं. खड्डा आला की क्लॅरिनेटचा सूर आपोआप वर जाई. मधोमध जयवंत, फेटा कानावर, मुंडावळ्या डोळ्यांत, पाठीला धाकूची पाटी. आणि टेंपो थांबले, टॅक्स्या थांबल्या, हवालदाराने न सांगता हात वर केला. गॅलरीतल्या बायका पोरांना दाखवू लागल्या, "तो बघ नवरा!" जयवंताने मुंडावळ्या बाजूला सारून त्यांच्याकडे बघितलं. कांजूरच्या वळणावर चहाच्या टपरीपाशी सहदेव कुबड्या घेऊन बसला होता. थांबलेल्या टेंपोंच्या रांगेकडे बघून तो आधी पोट धरून हसला आणि मग त्याने बाहीने डोळे पुसले.

पण थांबलेल्या एका बसमध्ये, खिडकीपाशी, नलिनीचे मामाही होते.

"तुझा लगीन झाला म्हणान सांगतत!" रुक्मिणी, जयवंताची आई, कपाळावर हात मारत म्हणाली. "आता त्यांका काय सांगू, नवरी नाय होती, नुसती सायकल होती?"

जयवंत स्वतः चेंबूरला जाऊन खरं काय ते सांगून आला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यापेक्षा तुमचं लग्न झालेलं परवडलं असतं." स्थळ मोडलं. हा किस्साही तो पुढे रंगवून सांगू लागला, पण वाईट त्याला फार वाटलं. एका बाईने आपल्याकडे नीट बघितलं होतं, हे विसरण्यासारखं नव्हतं.

पुढे एका सकाळी सहदेव सायकल घेऊन भटवाडीच्या नाक्यावर आला, पण वर बसेना. हँडल धरून नुसता उभा. तेव्हा रुक्मिणी घरातून मुंडावळ्या घेऊन आली.

"बांध. लगीन तर मोडलाच हा, आता लाज कसली?" असं म्हणत तिने त्या स्वतःच लेकाच्या कपाळाला बांधल्या.

सहदेवने एकदा जयवंताकडे पाहिलं आणि टांग टाकली. सवयीने जयवंत बाजूला झाला, त्याला पुढे जाऊ द्यायला. सहदेव हलला नाही.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "तुला बघून थांबतात रे."

जयवंताने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणाला म्हणतोय का म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग त्याने पायडल मारलं.