“पाणी म्हण, मग मिळेल”

मंडळी, आज नाशिक रोडच्या स्पीच थेरपीतून माझ्या लेकीला, सईला, अर्ध्यातच उचलून आणलं.

सई पाच वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. बोलत नाही, पण तहान लागली की पेल्याच्या चित्रावर बोट ठेवते. आज थेरपीच्या मॅडमनी ते चित्र काढून घेतलं आणि बाटली उंच धरली. “पाणी म्हण, मग मिळेल.” सई रडून रडून स्वतःचाच हात चावायला लागली.

मी म्हणाले, “चित्र दाखवणं हेही बोलणंच आहे. तिथून पुढे शिकवा ना.”

“मग ठेवा मुकीच,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर थांबलेला नवरा म्हणाला, “माफी माग. इथे शिकवणारं दुसरं आहे कोण?” मी मागितली नाही.

घरी आल्यापासून सईने पाणी मागितलेलं नाही. पेला पुढे केला तरी तोंड फिरवते.

चित्रांवरून शिकवणारं कुणी तुमच्या माहितीत आहे का?