उजवीकडं धरलेली काठी

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर चौथीत होतं तसंच वेडंवाकडं राहिलं. त्याची माफी असावी. पण त्या दिवशी फाट्यावर मी चुकले नव्हते. त्याची माफी मागणार नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नवरा तापानं पडला होता, म्हणून बोथच्या बाजारात कापूस घालून रिकामी बैलगाडी मीच परत आणत होते. मोठ्या सडकेवरून आमच्या गावाला फाट्यावर उजवीकडं वळावं लागतं. वळायच्या आधी आमचे गाडीवाले बैल हाकायची काठी त्या बाजूला आडवी धरतात. मी मागं पाहिलं, जीप लांब होती. काठी धरली, बैल वळवले. तरी जीप उजवीकडूनच पुढं घुसली आणि जुवाला धडकून तिचा दिवा फुटला. बैल वाचले.

जीपवाला सवाऱ्या वाहणारा, शेजारच्या गावचा. ओरडतच उतरला, "मले वाटलं बैलाले मारून राह्यली! वळतं म्हणून मले काय मालूम?"

सासरे वावरातून धावत आले. "बाईच्या हाती कासरा देला, तवाच समजाले पायजे होतं," म्हणाले आणि दिव्यासाठी माझ्या कापूसवेचणीचे तीनशे रुपये त्याला देऊन टाकले. मी मान खाली घालून उभी राहिले. तशी उभी राहिले याचा राग मला अजून येतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी जीप फाट्यावर सवाऱ्या भरत होती. मागं सरकारी बस थांबली. मी काठी घेऊन बसच्या ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"भाऊ, पुढच्यानं अशी काठी धरली तर मागच्यानं काय करावं?"

"रुकना, अम्मा. और क्या?"

"आन् उजवीकडून घुसला तर?"

"तो गलती उसकी."

जीपमधली एक म्हातारी जीपवाल्याला म्हणाली, "काऊन रे, तुले एवढी काठी दिसत नाई, मंग आमाले कुठी नेऊन घालशीन?" ती उतरली, तिच्यामागं आणखी दोघी उतरल्या आणि बसमध्ये बसल्या.

"वयनी, घरी बोलू ना," जीपवाला हळूच म्हणाला.

"पैसे इथं घेतले, इथंच बोल."

त्यानं शंभर काढले. मी घेतले, पण पुढच्या बाजारी पुन्हा काठी घेऊन तिथंच उभी राहिले. मला पाहून सवाऱ्या जीपवाल्याला हसायला लागल्या. तो उरलेले दोनशे बाजाराला आलेल्या सासऱ्यांच्या हाती द्यायला निघाला.

"वेचणी म्या केली," मी म्हटलं. "इकडं दे."

सगळ्यांसमोर त्यानं दोनशे माझ्या हातावर मोजले. तीनशे पूर्ण झाले.