थांबलेल्या पाण्याचा मान

मगरीपासून जीव कसा सांभाळायचा असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या घरी नळ आहे का? आहे? मग झालं तर. वाचलात. पुढचं ऐकायची तुम्हाला गरज नाही.

आमच्या पाड्यावर नळ नाही. पाणी मात्र नजर पोचेल तिथवर आहे. खाली नर्मदेवर धरण झालं, पाणी मागे मागे सरकत वर आलं, काठची सपाट जमीन गिळून बसलं आणि आम्ही घरदार उचलून डोंगराच्या अंगावर चढलो. पुष्कळ घरं तळोद्याच्या बाजूला वसाहतीत गेली. आम्ही थोडे राहिलो. का राहिलात म्हणून विचारणारे अजून भेटतात. त्यांना मी म्हणतो, तुम्ही तुमच्या घरात का राहता? असो. ज्वारी पेरणारी माणसं आम्ही, जाळी टाकायला लागलो. पाण्याने जमीन खाल्ली, तर आता पाण्यातलं खा. दुसरं करणार काय?

मगरी नदीत पहिल्यापासूनच होत्या. नदी वाहती होती तेव्हा त्या लांब वाळूवर ऊन खात पडायच्या, माणसाची चाहूल लागली की सटकन पाण्यात. आता वाळू बुडाली. ऊन खायला त्यांनाही काठच लागतो, आणि काठावर आम्ही. दोघंही विस्थापितच म्हणायचे! फरक एवढाच, की त्यांना वसाहतीत या म्हणून कुणी बोलावलं नाही.

एकदा तालुक्याहून एक साहेब बोटीने आले, मगरींची माहिती द्यायला. अंगातलं फुगीर नारिंगी जाकीट त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही, झोपडीत चहा पितानाही नाही. म्हणाले, पहाटे आणि दिवस मावळताना पाण्याजवळ जाऊ नका. मी उठून विचारलं, “मग साहेब, बायकांनी पाणी भरायचं कधी? भर दुपारी, हा चढ चढून?” माणूस वाईट नव्हता. “तेही खरंच आहे,” म्हणाला. पण जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात रुतली. मासे साफ केलेली घाण पाणवठ्यावर टाकू नका, मगर वासाला येते, आणि एकदा खायला मिळालं की त्याच जागी परत परत येते.

आमच्याकडे मात्र ती घाण नव्हती. तो मान होता.

मान म्हणजे काय, ते सांगतो. जाळं भरून आलं की पहिल्या मोठ्या माशाचं डोकं आणि आतडी पाण्याच्या राखणदाराला द्यायची. पाण्यावर असताना किंवा देवाचं बोलताना मगर हा शब्द आम्ही तोंडातून काढत नाही, राखणदार म्हणतो. सणाला बोकड कापला तर त्याचाही वाटा पाण्यात. तू तुझं खा, आमच्या माणसाला हात लावू नको, असा तो करार. माझ्या बापाने दिलाय, मीही दिलाय, मनापासून दिलाय. या रीतीला हसणारा मी नव्हे, आणि दुसरा कुणी हसला तर त्याचं थोबाड फोडीन. पण बाप मान द्यायचा तो धारेत उभा राहून. टाकलं की डोळ्यांदेखत वाहत खाली जायचं, पार वळणापलीकडे. राखणदार तिकडे जेवायचा, आम्ही इकडे भांडी घासायचो. आता पाणी थांबलंय. पाणवठ्यावर टाकलेलं डोकं संध्याकाळपर्यंत तिथेच डुचमळत राहतं. करार तोच राहिला, पण त्याचं पान आम्ही आपल्या दारात मांडायला लागलो.

साहेब गेल्यावर मी नीट बघायला लागलो. सकाळी होड्या परतायच्या, माझा काका मान टाकायचा, आणि थोड्या वेळाने पाण्यावर दोन गाठी वर यायच्या. नाक आणि डोळे. पुढे पुढे तर होड्या यायच्या आधीच त्या गाठी हजर. लोक हात जोडायचे, राखणदार बघा कसा वेळेवर येतो! मी हात जोडायचो नाही. कारण त्याच पाण्यात, त्याच वेळी, गुडघाभर आत उभी राहून माझी बहीण मासे धूत असायची.

ती माझ्याहून मोठी. आम्ही तिला बाई म्हणतो. आई गेली तेव्हा मी रांगता होतो, मला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन गेली, नवरा ऊसतोडीला गेला तो तापाने तिकडेच मेला, आणि ती परत आली. घरात आम्ही दोघंच. मी जाळं टाकायचं, तिने मासे धुऊन बर्फाच्या पेटीत भरायचे. मी तिच्या मागे भुणभुण लावली. गुडघ्याच्या वर उतरू नको. रोज एकाच दगडाशी बसू नको. माशांची टोपली कमरेला बांधून पाण्यात जाऊ नको. हंडा बुडवताना वाकून हात घालू नको, बांबूला दोरीने बांधून लांबून बुडव. ती खो खो हसायची. “माझा भाऊ एवढा घोडा झाला आणि पाण्याला भितो! लहानपणी कडेवरून उतरत नव्हतास, तसाच राहिलास बघ.” मीही हसायचो. काय करणार, तिच्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

शेवटी मी काकाकडे विषय काढला. काका आमच्या पाड्याचा पुजारा, म्हणजे देवाचं सगळं त्याच्या हातून होतं. आमच्याकडे काकालाही तूच म्हणतात, आणि हे सगळं बोलणं आमच्या बोलीतलं आहे, इथे मराठीत लिहितोय. सगळे जमले होते. मी म्हटलं, “काका, मान वाहत्या पाण्यात द्यायचा, उभ्या पाण्यात नाही, हे मला तूच शिकवलंस. मग आता वाहतं पाणी आहे कुठे?”

“पाणी थांबलं म्हणून देव थांबला काय रे?”

“देव नाही थांबला. मगर थांबलीय. आपल्या दारात.”

शब्द तोंडातून गेला. बायकांनी तोंडाला पदर लावले, एक म्हातारा उठून बाहेर गेला. काका शांतपणे म्हणाला, “आश्रमशाळेत चार बुकं शिकलास आणि देवाचं जनावर करून आणलंस.”

पण काका माझा काका आहे, दगड नाही. चार दिवस धुसफुसला आणि मग हो म्हणाला. ओढ्यापलीकडे डोंगराची एक सोंड पाण्यात शिरलीय, तिथे माणसाचं येणं-जाणं नाही. मान तिकडे द्यायचा, आणि होडीतून नेऊन मीच द्यायचा. त्याच आठवड्यात मी पाणवठ्याभोवती पाण्यात बांबू रोवले, त्यांना काटेरी फांद्या गुंफल्या, आत बायकांना उभं राहता येईल एवढी जागा ठेवली. थंडीभर त्या दोन गाठी सोंडेपाशी दिसल्या, पाणवठ्यावर एकदाही नाहीत. मला वाटलं, जिंकलो. कुणी शाबासकी देईल असं वाटलं होतं, तेही खरं सांगतो. शाबासकी राहिली बाजूला, जाळी हलकी येऊ लागली तेव्हा सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. पाणी उतरत होतं, मासा खोल गेला होता, दर वर्षी जातो. पण या वर्षी बोट दाखवायला मी होतो. खापर गावाहून पलीकडच्या काठाला जीप घेऊन येणारा व्यापारी अहिराणीत चिडवायचा, “मासा कमी शे आज, मगरनी खाई टाका का?” तो गंमत करायचा. आमची माणसं मात्र खरंच म्हणून माना डोलवायची.

मग होळी जवळ आली. गुजरातेत उसाला गेलेले परत आले, ढोल निघाले. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला मी गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. पाणवठ्यावर पाय ठेवला आणि बघतो तर दगडांवर रक्त वाळलेलं, माझं कुंपण उपटून एका बाजूला टाकलेलं, आणि पाण्यात बोकडाची आतडी. मी काकाच्या दारात जाऊन बोंबललो. काय वाटेल ते बोललो. काका म्हणाला, “मी एकट्याने नाही केलं. सगळ्यांनी ठरवलं. जाळी रिकामी येतात, पोरं उपाशी मरायची काय?”

घरी येऊन मी बाईला बजावलं, “उद्या पाण्यावर जायचं नाही. पाणी मी आणीन. आधी कुंपण घालतो, मग जा.” ती हं म्हणाली. त्या हं वर मी विश्वास ठेवला. सकाळी कोयता घेऊन मी काटे तोडायला वर चढलो.

बाईने मला फसवलं नाही. तिच्या मनात भीतीच नव्हती, तिथे ती काय फसवणार? मान दिल्यानंतरचा दिवस म्हणजे आमच्याकडे सगळ्यात निर्धास्त दिवस. राखणदाराचं पोट भरलेलं, करार ताजा. सणाला पाहुणे आलेले, पाणी जास्त लागणार. त्या सकाळी सगळ्याच बायका रोजच्यापेक्षा आत उतरल्या होत्या, कमरेपर्यंत, हसत-खिदळत. आदल्या दिवशी जिथे आतडी टाकली त्याच जागी बाईने वाकून हंडा बुडवला.

आवाज झाला नाही म्हणतात. हंडा तरंगत राहिला आणि बाई खाली गेली. मगरीला मानावंच लागेल, काय ताकद! पण आमच्या बायकाही काही कमी नाहीत. त्यांनी तिच्या लुगड्याला, केसांना, जे हाती येईल त्याला धरलं, भांड्यांनी पाणी बडवलं, आणि तिला ओढून काढलं. उजवा हात आला नाही. म्हणजे होता, पण हात म्हणावा असा नव्हता. मी वरून धावत आलो तेव्हा तिचं डोकं काकाच्या मांडीवर होतं, आणि काका लहान पोरासारखा रडत होता. मला रडू आलं नाही. मला राग आला. काकाचा, धरणाचा, त्या बोकडाचासुद्धा.

होडीतून पाण्यापलीकडे, तिथून जीपने मोलगी, मोलगीहून गाडीने नंदुरबार. डॉक्टरांनी हात कोपराच्या वर कापला आणि जीव वाचवला. त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. शुद्धीवर आल्यावर बाई छताकडे बघत पडून होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. ती म्हणाली, “मानाची जागा हलवायला नको होतीस तू.”

मी म्हटलं, हिला गुंगी आहे. गुंगी नव्हती. पाड्यावर परतलो तेव्हा तेच वाक्य प्रत्येक दारातून ऐकू आलं. राखणदाराला याने महिनोन् महिने लांब, परक्या जागी जेवायला लावलं. तो रागावला. आणि बघा कसा न्यायाचा, दुसऱ्या कुणाला शिवला नाही, ज्याने जागा हलवली त्याच्याच घरचं घेतलं! घ्या. मी सांगितलं, अरे, मान तिकडे होता तोवर कुणाला ओरखडाही नव्हता, इकडे आणला आणि दुसऱ्याच सकाळी हे झालं. ते म्हणाले, हो ना, बरोबर वेळेवर आला. माझं डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

जखम भरल्यावर बाईने मला सांगितलं, “पाणवठ्यावर तुझ्या हाताने बोकड दे. माफी माग.”

“बाई, तुझा हात त्याने तोडला.”

“म्हणूनच सांगतेय. पुढच्या वेळी तुला नेईल. तू माझं लेकरू आहेस रे.”

मी नाही म्हटलं. ओरडून नाही म्हटलं, मग पाया पडून नाही म्हटलं. माफी मागितली असती तर माझं काय जाणार होतं? काही नाही. पण रोज सकाळी त्या पाण्यात वाकणाऱ्या बायकांपैकी कुणाचं काय जाणार होतं ते मला दिसत होतं. बाई उठली, दोन लुगडी एका हाताने गाठोड्यात बांधायला लागली. गाठ बसेना. मी पुढे झालो तर म्हणाली, हात लावू नको. दात लावून तिने गाठ मारली आणि काकाच्या घरी राहायला गेली.

आता मान तीच देते. राखणदार जिला शिवला तिच्याच हातून मान द्यायचा असं पाड्याने ठरवलंय, आणि पाड्यात तिचा शब्द काकापेक्षा मोठा झालाय. सकाळी होड्या आल्या की ती पळसाच्या पानावर माशाचं डोकं घेऊन येते, गुडघाभर पाण्यात उतरते आणि डाव्या हाताने टाकते. मी कुंपण घालतो, कुणीतरी उपटतं. म्हणून मी स्वतःच बांबू घेऊन तिच्या पुढ्यात पाण्यात उभा राहतो आणि ती घरी जाईपर्यंत पाणी बडवत राहतो. ती माझ्याशी बोलत नाही, माझ्याकडे बघतही नाही.

परवा बोलली. इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकून मी बांबू थांबवून वळलो.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “तू उभा असलास की तो येत नाही.”

मी हललो नाही. ती मला वळसा घालून आणखी आत गेली.